लिंकर स्क्रिप्ट लिहिणारी स्क्रिप्ट : फंक्शन्सचा क्रम बदलण्याचा अनुभव

जून २०२४ मध्ये आमच्याकडे एक तक्रार आली. आमची कंपनी कारखान्यातल्या मशीनवर बसणारी टचस्क्रीन पॅनेल्स बनवते. चाकणमधल्या एका ग्राहकाकडे वीज क्षणभर गेली की पॅनेल नव्याने सुरू व्हायचं आणि पहिला स्क्रीन दिसेपर्यंत ऑपरेटर काळ्या काचेकडे बघत उभा राहायचा. काही जण पॅनेल अडकलं असं समजून स्विच पुन्हा खाली-वर करायचे, की सगळं परत पहिल्यापासून. मागणी एवढीच होती की स्क्रीन लवकर दिसू दे. बूटलोडर (वीज येताच चालणारा पहिला छोटा प्रोग्राम) आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यांच्यातली काटछाट आधीच्या वर्षी झाली होती. उरला होता आमचा सी++ मधला मुख्य प्रोग्राम. त्याला सुरू व्हायला सव्वातीन सेकंदांच्या आसपास लागत होते आणि त्यातला बराच वेळ प्रोसेसर रिकामा बसलेला दिसत होता. स्टोरेजवरून कोड येण्याची वाट बघण्यात तो वेळ जात होता.

त्यावर उपाय म्हणून आम्ही बायनरीतल्या, म्हणजे चालवायला तयार असलेल्या प्रोग्राम फाइलमधल्या, फंक्शन्सचा क्रम बदलला, आणि तो बदल जानेवारी २०२५ मध्ये रिलीजमध्ये गेला. सुरुवातीला शोधाशोध केली तेव्हा जे हाती लागलं ते एकतर मॅन्युअलमधला कोरडा मजकूर होता, नाहीतर मोठ्या ब्राउझरवाल्यांनी त्यांच्या यंत्रणेपुरतं लिहिलेलं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे, मंजुऱ्या आणि फॉर्मसकट.

आधी क्रमाचा आणि वेळेचा संबंध काय ते. कंपायलर प्रत्येक सोर्स फाइलचा मशीन कोड एका ऑब्जेक्ट फाइलमध्ये ठेवतो. या ऑब्जेक्ट फाइल्स जोडून एक बायनरी बनवतो तो लिंकर. तो त्या फाइल्स कमांडवर ज्या क्रमाने मिळतील त्या क्रमाने एकापुढे एक मांडतो. प्रोग्राम चालताना कोणतं फंक्शन आधी लागेल याचा या मांडणीशी काहीही संबंध नसतो. दुसऱ्या बाजूला कर्नल अख्खी बायनरी एकदम मेमरीत आणत नाही. ज्या पानाला हात लागेल ते पान आणतो, आणि पान ४०९६ बाइटचं असतं. पान मेमरीत नसेल आणि त्यासाठी स्टोरेजपर्यंत जावं लागलं तर तो मेजर पेज फॉल्ट. आमची फाइल सिस्टिम स्क्वॉशएफएस आहे, म्हणून दुखणं आणखी मोठं. तिच्यात फाइल ठोकळ्याठोकळ्यांनी दाबून ठेवलेली असते आणि ठोकळ्याचा ठरलेला आकार १२८ किलोबाइट. म्हणजे दोनशे बाइटचं एक फंक्शन हवं असेल तरी त्याच्यासाठी अख्खा ठोकळा वाचायचा आणि उलगडायचा. आमच्या प्रोग्रामचा कोड नऊ एक मेगाबाइटचा. पहिला स्क्रीन येईपर्यंत त्यातला एक मेगाबाइटसुद्धा चालत नाही, पण तो नऊ मेगाबाइटभर विखुरलेला असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक ठोकळा उघडावा लागत होता.

मोजल्याशिवाय एक ओळही बदलायची नाही, असं टीम लीडनी पहिल्याच दिवशी बजावलं आणि पुढे प्रत्येक बैठकीत त्याचा उपयोग झाला. बोर्डची वीज तोडण्या-जोडण्यासाठी एक यूएसबी रिले आणि एक सिरीयल केबल लागली. रिले चारशे रुपयांच्या आसपास मिळतो, केबल त्याहून स्वस्त. पण दोन्हींसाठी खरेदी विभागाचा फॉर्म, खर्चाचं कारण आणि विभागप्रमुखांची सही लागली, आणि जूनचा उरलेला भाग त्यात गेला. तुमच्याकडेही अशीच पद्धत असेल तर हा फॉर्म सगळ्यात आधी भरून टाका.

मोजायची पद्धत साधी होती. रिले वीज तोडतो, जोडतो, प्रोग्राम पहिला स्क्रीन दाखवला की सिरीयल कन्सोलवर एक ओळ छापतो, लॅपटॉप तिची वेळ नोंदवतो. संध्याकाळी लावून घरी जायचं आणि सकाळी मध्यक काढायचा. सरासरी घेऊ नका, एखादी विक्षिप्त नोंद सगळा आकडा बिघडवते. वीज न तोडता पटकन तपासायचं असेल तर ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये ३ लिहून कर्नलची पेज कॅश रिकामी करता येते. तसं न करता मोजलं तर दुसऱ्या खेपेपासून सगळा कोड मेमरीतच असतो आणि फरक दिसतच नाही. मेजर फॉल्टचा आकडा ‘गेट-आर-यूसेज’ या कॉलमधून मिळतो. तोही त्याच ओळीत छापून घेतला, कारण वेळ इकडेतिकडे हलते, हा आकडा त्या मानाने स्थिर राहतो.

जुलैत चेंज रिक्वेस्ट भरली. आमच्याकडे टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि लिंकर वगैरे साधनांचा संच, गोठवलेली असते. योक्टो या एम्बेडेड लिनक्स बनवण्याच्या प्रकल्पाची एप्रिल २०२२ मध्ये आलेली ‘कर्कस्टोन’ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, तिच्यासोबतचा जीसीसी ११ हा कंपायलर आणि लिंकर ज्यात येतो तो बिनयुटिल्स २.३८. एलएलव्हीएम या दुसऱ्या टूलचेनचा लिंकर एलएलडी सिंबॉल्सच्या, म्हणजे बायनरीतल्या फंक्शन्स आणि व्हेरिएबल्सच्या, नावांची साधी यादी घेतो आणि त्या क्रमाने फंक्शन्स लावून देतो. ‘गोल्ड’ लिंकरमध्येही सेक्शन्सच्या, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलमधल्या तुकड्यांच्या, क्रमाची फाइल देता येते. दोन्ही वाटा सोप्या. पण लिंकर बदलला की प्रॉडक्टच्या सगळ्या चाचण्या नव्याने कराव्या लागणार होत्या आणि ‘गोल्ड’ची देखभाल तोवर जवळजवळ थांबलेली होती. क्वालिटीच्या मॅडमनी फॉर्मवरच लिहिलं, “लिंकर तोच ठेवा, त्याला द्यायच्या सूचना बदला.” म्हणजे आमच्या लिंकरची, ग्नू एलडीची, लिंकर स्क्रिप्ट : कोणता सेक्शन कुठे ठेवायचा हे त्याला सांगणारी फाइल. यादी हजारो नावांची होणार असल्यामुळे ती हाताने लिहिणं शक्य नव्हतं, ती तयार करणारी पायथनची स्क्रिप्ट लिहायची होती. लिंकर स्क्रिप्टला मी तोवर हात लावलेला नव्हता. पहिल्यांदा मूळ स्क्रिप्ट पडद्यावर आली तेव्हा पोटात गोळा आला होता, हे मुद्दाम सांगते, कारण ती भीती दोन-तीन दिवसांत जाते.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक फंक्शन वेगळं उचलता यावं अशी सोय. जीसीसीला ‘-एफफंक्शन-सेक्शन्स’ हा पर्याय दिला की प्रत्येक फंक्शन स्वतःच्या सेक्शनमध्ये जातं आणि सेक्शनला ‘.टेक्स्ट.’ पुढे फंक्शनचं नाव असं नाव मिळतं. लिंकर सेक्शन्स हलवतो, त्यांच्या आतलं काही हलवत नाही, म्हणून याच्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. ऑब्जेक्ट फाइल्स थोड्या फुगतात, तेवढं चालतं.

दुसरं म्हणजे मूळ लिंकर स्क्रिप्ट मिळवणं. ‘एलडी --व्हर्बोज’ असं म्हटलं की बरोबरच्या चिन्हांच्या दोन लांब ओळींमध्ये ती छापून येते. पण नुसत्या एलडीला विचारू नका. त्याच्या पोटात अनेक स्क्रिप्ट्स असतात आणि ‘पाय’ (मेमरीत कुठेही चढू शकणारी) बायनरी, शेअर्ड लायब्ररी, कोड वेगळ्या सेगमेंटमध्ये ठेवायचा की नाही, यानुसार वेगवेगळी निवडली जाते. म्हणून आपल्या खऱ्या लिंक कमांडमध्येच ‘-डब्ल्यूएल,--व्हर्बोज’ घालून जी येईल तीच घ्यायची. तिच्यात ‘.टेक्स्ट’ या आउटपुट सेक्शनच्या महिरपी कंसात मोजक्या ओळी असतात. आधी ‘.टेक्स्ट.अनलाइकली’, मग ‘एक्झिट’, ‘स्टार्टअप’, ‘हॉट’, ‘सॉर्टेड’ आणि शेवटी उरलंसुरलं सगळं गोळा करणारी ओळ. लिंकर या ओळी वरून खाली वाचतो, आणि एखादा इनपुट सेक्शन ज्या ओळीला पहिल्यांदा जुळेल तिथेच तो कायमचा बसतो. म्हणून आपली यादी या सगळ्यांच्या वर घालायची. बाकीच्या शेकडो ओळींना हात लावायचा नाही.

इथे एक बारीक पण जीवघेणी गोष्ट आहे. एकाच साध्या कंसात दोन सेक्शन्सची नावं लिहिली तर लिंकर ती त्या क्रमाने लावत नाही, ऑब्जेक्ट फाइल्समध्ये जशी सापडतील तशी मिसळून टाकतो. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण एखाद्या वाक्यात. क्रम हवा असेल तर प्रत्येक नावाला स्वतंत्र तारांकन (म्हणजे ‘कोणतीही ऑब्जेक्ट फाइल’) आणि स्वतंत्र कंस हवा. एका ओळीत एक नाव. फाइल लांबलचक होते, होऊ द्या.

ऑगस्टमध्ये खरा प्रश्न हातात घेतला: कोणतं फंक्शन आधी चालतं? जीसीसीचा ‘-एफइन्स्ट्रुमेंट-फंक्शन्स’ हा पर्याय दिला की प्रत्येक फंक्शनमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना ठरलेल्या नावाच्या दोन फंक्शन्सना हाक मारली जाते. ती दोन आपण लिहायची. शिरतानाच्या हाकेत चालू फंक्शनचा पत्ता मिळतो, तो एका ठरावीक आकाराच्या बफरमध्ये टाकायचा. थ्रेड्स अनेक असतील तर बफरची पुढची जागा अ‍ॅटॉमिक पद्धतीने वाढवायची, लॉक वापरायचं नाही. पहिला स्क्रीन दिसला की बफर फाइलमध्ये ओतायचा. या दोन फंक्शन्सना ‘नो_इन्स्ट्रुमेंट_फंक्शन’ हे अ‍ॅट्रिब्यूट लावायला हवं, नाहीतर ती स्वतःलाच हाका मारत बसतात. थ्रेड्समुळे क्रम दर वेळी थोडा बदलतो, म्हणून अनेक खेपांच्या नोंदी एकत्र करून प्रत्येक फंक्शनचा मधला क्रमांक धरला.

पत्त्यांवरून नावं काढताना पहिल्या दिवशी एकही नाव जुळेना. बायनरी ‘पाय’ प्रकारची, म्हणजे दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी चढणारी. त्यामुळे आधी ‘/प्रॉक/सेल्फ/मॅप्स’ वाचून तिचा पाया वजा करायला हवा, हे अपेक्षित होतं. ते करूनही सगळे पत्ते एकाने चुकत होते. बोर्डवरचा प्रोसेसर आर्म कॉर्टेक्स-ए७ आणि आमचा कोड थंब प्रकारच्या सूचनांचा. थंब फंक्शनच्या पत्त्याचा शेवटचा बिट १ असतो, त्यावरून प्रोसेसरला कळतं की पुढे थंब सूचना आहेत. नोंदीतले पत्ते तसे विषम, आणि ‘एनएम’ (बायनरीतली नावं आणि पत्ते छापणारं साधन) मात्र तो बिट काढून सम पत्ता दाखवतो. ‘रीडएल्फ’ हे तसंच दुसरं साधन त्याच सिंबॉलचा पत्ता विषम दाखवतं. दोन टर्मिनल शेजारी उघडून एकाच फंक्शनचे हे दोन पत्ते बघितले तेव्हा उलगडा झाला. शेवटचा बिट शून्य केला आणि नावं धडाधड जुळायला लागली. त्या संध्याकाळी फार बरं वाटलं.

क्रम कोणता लावायचा, यावर वाचायला बरंच आहे. एचपीमधल्या पेटिस आणि हॅन्सन यांनी १९९० मध्येच कॉल ग्राफवरून, म्हणजे कोण कोणाला किती वेळा हाक मारतो यावरून, फंक्शन्स शेजारी ठेवण्याची पद्धत मांडली. २०१७ मध्ये फेसबुकमधल्या ऑटोनी आणि माहेर यांनी तिच्यात सुधारणा केली. सतत चालणाऱ्या सर्व्हरसाठी तो विचार योग्य आहे. सुरुवातीच्या काळात मात्र बहुतेक फंक्शन्स एकदाच किंवा मोजक्या वेळा चालतात, तिथे ‘जो आधी लागला तो आधी’ हा क्रम पुरतो असं माझं मत आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोमियम ब्राउझरसाठीही अशीच क्रमाची फाइल बनवली जाते, हे पुढे बदल मंजूर करणाऱ्या समितीला सांगितल्यावर चर्चेचा सूर बदलला. आपण काही भलतंच करायला निघालो नाही, याचा पुरावा सोबत ठेवावा.

गणपतीच्या सुट्टीनंतर, सप्टेंबरमध्ये, यादीवरून स्क्रिप्ट तयार करणारा पायथनचा कोड झाला. प्रोग्राम लिंक झाला, एकही तक्रार नाही. बोर्डवर चालवला, वेळ सुधारली पण थोडीच. आणि इथे या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली: स्क्रिप्टमधलं एखादं नाव कशालाच जुळलं नाही तर ग्नू एलडी काहीही बोलत नाही. चेतावणी नाही, आकडा नाही. एलएलडी निदान यादीत न सापडलेल्या नावांबद्दल कुरकुर करतो. एलडी गप्प राहतो आणि ते फंक्शन शेवटच्या ‘उरलंसुरलं’ ओळीत जाऊन पडतं. ‘एनएम -एन’ने पत्त्यांच्या क्रमाने नावं काढून यादीशेजारी ठेवली, तर पाचातलं एक नाव आपल्या जागी नव्हतं.

का नव्हतं, याची कारणं एकेक करून सापडली. सी++ च्या कन्स्ट्रक्टरला बायनरीत बहुतेक वेळा दोन नावं असतात, एकात ‘सी१’ आणि एकात ‘सी२’. दोन्हींचा पत्ता एकच, पण सेक्शनला नाव मिळतं ते ‘सी२’वालं. पत्त्यावरून नाव शोधताना हाती ‘सी१’ लागलं की त्या नावाचा सेक्शनच अस्तित्वात नसतो. दुसरं, ऑप्टिमायझर फंक्शनच्या छाटलेल्या प्रती बनवतो. त्यांच्या नावापुढे ‘.कॉन्स्टप्रॉप.०’, ‘.आयएसआरए.०’, ‘.पार्ट.०’ अशी शेपटं लागतात, आणि नोंदी घेणाऱ्या बिल्डमधल्या प्रती रिलीज बिल्डमधल्या प्रतींसारख्याच असतील याची खात्री नसते. तिसरं, ‘मेन’ स्वतः आणि ग्लोबल ऑब्जेक्ट्स उभारणारी फंक्शन्स ‘.टेक्स्ट.स्टार्टअप.’ या नावाखाली जातात. चौथं, एकाच नावाची स्टॅटिक, म्हणजे आपापल्या फाइलपुरतीच दिसणारी, फंक्शन्स. ‘इनिट’ नावाची आमच्याकडे ढीगभर आहेत आणि नुसत्या नावाने लिहिलं तर सगळी एका ओळीला जुळतात, त्यातली बहुतेक सुरुवातीला लागतही नाहीत. काही नावं अशीही होती की जी रिलीज बिल्डमध्ये पूर्णपणे इनलाइन झाल्यामुळे, म्हणजे हाक मारणाऱ्या फंक्शनच्याच कोडमध्ये मिसळल्यामुळे, उरलेलीच नव्हती. ती निरुपद्रवी.

उत्तर शेवटी एकच निघालं. सेक्शनचं नाव सिंबॉलवरून रचायचंच नाही, ते मॅप फाइलमधून घ्यायचं. रिलीज बिल्ड एकदा नेहमीसारखा लिंक करून ‘-डब्ल्यूएल,-मॅप’ने मॅप फाइल काढायची. तिच्यात प्रत्येक इनपुट सेक्शनचं खरं नाव, पत्ता, आकार आणि तो कोणत्या ऑब्जेक्ट फाइलमधून आला हे सगळं असतं. नोंदीतल्या नावातलं ‘सी१’ बदलून ‘सी२’ करायचं, शेपूट काढायचं, आणि या मूळ नावाला जुळणारे मॅपमधले सगळे सेक्शन्स त्या जागी लिहायचे. स्टॅटिक फंक्शनसाठी तारांकनाऐवजी ऑब्जेक्ट फाइलचं नाव लिहायचं. ते लायब्ररीतलं असेल तर आधी लायब्ररीचं नाव, मग अपूर्णविराम, मग ऑब्जेक्ट फाइल. मॅप फाइल वाचताना एक लक्षात ठेवा: सेक्शनचं नाव लांब असेल तर लिंकर पत्ता पुढच्या ओळीवर ढकलतो, आणि सी++ ची नावं लांबच असतात. ओळीओळीने वाचणारा साधा कोड तिथे फसतो.

यासोबत तपासनीस स्क्रिप्ट लिहिली. लिंक झाल्यावर ती नवी मॅप फाइल उघडते, यादीतले सेक्शन्स खरोखर त्याच क्रमाने बसलेत का बघते, न जुळलेली नावं छापते आणि ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर बिल्ड पाडते. लिंकर गप्प बसणार असेल तर बोलणारं दुसरं कोणीतरी हवंच. कामाला लागताना सर्वात आधी काय करू, असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते: क्रम लावणाऱ्या कोडच्या आधी क्रम तपासणारा कोड लिहा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं जागेवर बसलं. ‘एनएम -एन’ चालवलं आणि सुरुवातीच्या फंक्शन्सची नावं प्रोग्राम जसा उलगडतो तशी खाली उतरत गेली. आधी कॉन्फिगरेशन वाचणारी, मग डिस्प्ले उघडणारी, मग फाँट्स, मग पहिल्या स्क्रीनची. बोर्डवर मेजर फॉल्ट निम्म्याहून खाली आले आणि सुरू होण्याची वेळ अडीच सेकंदांच्या जरा आत. आणखी का कमी झाली नाही, तर उरलेला वेळ शेअर्ड लायब्ररीज चढवण्यात आणि रिलोकेशन्समध्ये, म्हणजे चढलेल्या जागेनुसार पत्ते दुरुस्त करण्यात, जातो, आणि तिथे फंक्शन्सच्या क्रमाने काही होत नाही. ग्राहकाला आकडा सांगण्याआधी हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या बैठकीत अवघड प्रश्न येत नाहीत.

तांत्रिक काम इथे संपलं आणि मंजुरीचं सुरू झालं. बदल मंजूर करणारी समिती पंधरा दिवसांतून एकदा बसते. मधे दिवाळी आली, त्यामुळे विषय नोव्हेंबरवर गेला. वाट बघण्याचा काळ कंटाळवाणा होता, पण समितीचे प्रश्न रास्त होते आणि उत्तरं तयार करताना काम पक्कं झालं, हे मनापासून सांगते.

कॉन्फिगरेशन सांभाळणाऱ्या सरांचा प्रश्न: ही स्क्रिप्ट सोर्स धरायची की तयार झालेली फाइल? आमच्याकडे तयार झालेल्या फाइल्स रिपॉझिटरीत ठेवायची मनाई आहे. पण यादी दर बिल्डला बोर्डवरून नव्याने काढली तर तोच सोर्स दोनदा बिल्ड करून तीच बायनरी मिळणार नाही. शेवटी असं ठरलं की फंक्शन्सच्या क्रमाची साधी टेक्स्ट फाइल रिपॉझिटरीत राहील, तिच्यावर रिव्ह्यू होईल, आणि लिंकर स्क्रिप्ट दर बिल्डला तिच्यावरून तयार होईल. मूळ स्क्रिप्टचा हॅशही (मजकूर बदलला की बदलणारा ठसा) सोबत नोंदवला. टूलचेन बदलली आणि एलडीची मूळ स्क्रिप्ट वेगळी निघाली की हॅश जुळत नाही, बिल्ड थांबतो आणि माणसाला बघावं लागतं.

सुरक्षेची बाजू बघणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, स्वतःची लिंकर स्क्रिप्ट वापरल्याने एखादं संरक्षण गळून तर पडलं नाही ना? जुनी, कुठून तरी उचललेली स्क्रिप्ट वापरली तर हे खरंच होऊ शकतं, कारण रिलोकेशननंतर मेमरी फक्त वाचण्यापुरती करणारा ‘रेलरो’ भाग स्क्रिप्टमधल्या एका ओळीवर अवलंबून असतो. आधीच्या आणि नंतरच्या बायनरीचे ‘रीडएल्फ -एलडब्ल्यू’चे तक्ते शेजारी छापून जोडले. सेगमेंट्स तेच, परवानग्या त्याच.

टेस्टिंगवाल्यांची शंका सगळ्यात खोल होती. आर्मवर एक्सेप्शन फेकलं गेलं की मागची वाट ‘.आर्म.एक्सआयडीएक्स’ या तक्त्यावरून शोधली जाते, आणि तो तक्ता पत्त्यांच्या चढत्या क्रमाने असावा लागतो. फंक्शन्स हलवली तर तक्त्याचं काय? उत्तर असं की या तक्त्यातला प्रत्येक तुकडा आपल्या फंक्शनच्या सेक्शनशी बांधलेला असतो आणि लिंकर तो त्याच क्रमाने लावतो. नुसतं सांगून भागलं नाही आणि भागायलाही नको होतं. नव्या क्रमात लांब गेलेल्या फंक्शन्समधून मुद्दाम एक्सेप्शन फेकणाऱ्या चाचण्या लिहिल्या, त्या आता कायमच्या आहेत. जीडीबी हा डीबगर आणि क्रॅशनंतरचा बॅकट्रेसही (कोणी कोणाला हाक मारली त्याची यादी) तपासला. डीबग माहिती लिंकर नव्या पत्त्यांनुसार भरतो, त्यामुळे तिथे काही अडलं नाही.

खर्चाचा रकाना भरताना दोन गोष्टी लिहिल्या. नोंदी घेणारा बिल्ड वेगळा ठेवावा लागतो, म्हणजे बिल्ड सर्व्हरवर जास्तीची जागा आणि वेळ. आणि हजारो ओळींची स्क्रिप्ट दिली की लिंक होण्याचा वेळ डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. त्यामुळे डेव्हलपरच्या रोजच्या बिल्डमध्ये हा क्रम बंद आहे, फक्त रात्रीच्या आणि रिलीजच्या बिल्डमध्ये चालू.

नोव्हेंबरअखेर सह्या झाल्या. डिसेंबरभर चाकणच्या त्याच शॉप फ्लोअरवर दोन पॅनेल्स नव्या बायनरीवर चालवली आणि जानेवारीत बदल सगळ्यांसाठी गेला.

तुम्ही हे करणार असाल तर आणखी काही गोष्टी. एलटीओ, म्हणजे लिंक करताना अख्ख्या प्रोग्रामचं एकत्र ऑप्टिमायझेशन, वापरत असाल तर ऑब्जेक्ट फाइलच्या नावाने लिहिलेल्या ओळी चालणार नाहीत, कारण लिंकरसमोर त्या वेळी ‘एलट्रान्स’ नावाच्या तात्पुरत्या फाइल्स येतात. आम्ही या प्रोग्रामपुरतं एलटीओ वापरत नाही. ‘--जीसी-सेक्शन्स’ने न लागणारा कोड गाळत असाल तर यादीतल्या ओळींना ‘कीप’मध्ये गुंडाळू नका, नाहीतर गाळला जायला हवा असलेला कोडही राहून जातो. क्रमाची यादी शिळी होते. नवं फंक्शन यादीत नसलं तरी प्रोग्राम बिघडत नाही, फक्त मिळालेला वेग हळूहळू निसटतो. म्हणून दर रिलीजआधी नोंदी नव्याने घ्यायच्या आणि जुन्या-नव्या यादीतला फरक रिव्ह्यूला लावायचा, असं आमच्या चेकलिस्टमध्ये आता आहे.

आणि टूलचेन निवडायची मोकळीक असेल तर ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला बिनयुटिल्स २.४३ बघा. त्यात ग्नू एलडीलाच ‘--सेक्शन-ऑर्डरिंग-फाइल’ हा पर्याय मिळाला आहे. लिंकर स्क्रिप्टच्याच भाषेत फक्त सेक्शन्सचा क्रम लिहिलेली फाइल द्यायची, मूळ स्क्रिप्टची प्रत काढून तिच्यात ओळी घुसवण्याची आणि हॅश सांभाळण्याची गरज उरत नाही. मॅपवरून नावं काढणारा कोड आणि तपासनीस मात्र तिथेही लागेल.